दुखण्याची किंमत ओळखणारा डॉक्टर

‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ अशी आपल्याकडे म्हण आहे. दुसऱ्याचं दुःख आपल्याला पुरतं कळत नाही, असा तिचा अर्थ. पण श्रोते हो, जगात अशीही माणसं आहेत की ज्यांचं जळतं, अगदी खरोखर जळतं, आणि तरी त्यांना ते कळत नाही. चुलीतला निखारा हातात आला तरी त्यांना चटका बसत नाही. शेतातलं धसकट टाचेत रुतलं तरी ती तशीच चालत राहतात. संध्याकाळी अंगणात रक्ताचे ठसे उमटलेले दिसतात, तेव्हा पायाला काही झालं आहे हे त्यांना समजतं.

अशा माणसांसाठी एका डॉक्टरांनी सारा जन्म अंगावर घालायच्या वस्तू घडवण्यात घालवला. आधी चप्पल, मग रंगाचा मोजा, आणि शेवटी हातात घालायचा विजेचा मोजा. त्यांचं नाव डॉ. पॉल ब्रँड. आजकाल मनगटावर बांधून नाडी मोजणारी यंत्रं शहरातल्या दुकानांतून सर्रास मिळतात. अंगावर वागवायच्या यंत्राने शरीराची राखण करावी, ही कल्पना या डॉक्टरांनी कितीतरी आधी हाती घेतली होती. ती कुठपर्यंत साधली आणि कुठे फसली, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

ज्या रोगामुळे हे सगळं घडतं त्याला पूर्वी महारोग म्हणत, आता आपण कुष्ठरोग म्हणतो. विदर्भाला या रोगाची ओळख करून द्यायला नको. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. सेवाग्रामला १९३९ साली परचुरेशास्त्री आले. हे संस्कृतचे विद्वान होते आणि रोगाने जर्जर झाले होते. गांधीजींनी त्यांना आश्रमातच ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केलं. शास्त्रीबोवांची ती कुटी आजही तिथे पाहायला मिळते. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारलं. वरोऱ्याच्या माळावर १९५१ साली बाबा आमट्यांचं आनंदवन सुरू झालं. म्हणजे या रोग्यांना माणूस म्हणून जवळ करण्याचं काम आपल्या चार-पाच जिल्ह्यांत फार आधीपासून चाललं होतं.

पण एक प्रश्न सगळ्यांपुढे उभा होता. या माणसांची बोटं झडतात का? पायांना जखमा होतात, त्या भरत का नाहीत? लोक म्हणत, पूर्वजन्मीचं पाप. तेव्हाचे पुष्कळ डॉक्टरही म्हणत की या रोगात मांसच कुजतं, त्याला इलाज नाही. या प्रश्नाचं उत्तर शोधायला दूर तमिळ मुलखात ब्रँड पुढे आले.

पॉल ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात झाला. आईवडील इंग्रज मिशनरी. डोंगरातल्या लोकांना औषधपाणी करावं, घरं बांधायला शिकवावं, असं त्यांचं काम. मुलगा नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. तिथेच त्याला १९२९ साली वडील वारल्याचं कळलं. शाळा संपल्यावर हा मुलगा काय शिकला म्हणाल? सुतारकाम आणि गवंडीकाम! काही वर्षं त्याने हातात रंधा आणि थापी धरली. डॉक्टरी तो नंतर शिकला, आणि दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते त्या काळात त्याने जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. पुढच्या साऱ्या कामात डॉक्टरीइतकीच ही सुतारकी त्यांच्या उपयोगी पडली, हे आपण पाहणारच आहोत.

१९४६ साली डॉ. ब्रँड वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया शिकवायला आले. पुढच्याच वर्षी ते चिंगलपेटचं, म्हणजे आताच्या चेंगलपट्टूचं, कुष्ठधाम पाहायला गेले. डॉ. कॉक्रेन हे तिथले तज्ज्ञ. बागेतून हिंडताना ब्रँड यांना जागोजाग वाकड्या बोटांचे हात दिसले, पक्ष्याच्या पंजासारखे. त्यांनी विचारलं, या हातांवर हाडांच्या डॉक्टरांनी काही संशोधन केलं आहे का? उत्तर मिळालं, कुणीच नाही. हाडं मोडण्याच्या इतर आजारांत डॉक्टर धावतात, पण लाखो माणसांचे हात अशा रीतीने लुळे पडत असता तिकडे कुणी वळलेलं नव्हतं.

ब्रँड यांनी एका रोग्याचा पंजा आपल्या हातात घेतला आणि सांगितलं, “दाब, जितका जोर असेल तितका दाब.” त्यांना वाटलं होतं, या मेलेल्या बोटांत काय जोर असणार? पण त्या माणसाने असा करकचून हात आवळला की डॉक्टरच कळवळले. आणि नवल असं की, आपण समोरच्याला दुखवतो आहोत याची त्या रोग्याला दादही नव्हती. ब्रँड यांच्या डोक्यात उजेड पडला. हा हात कुजलेला नाही. यात जोर आहे. फक्त काही स्नायूंच्या शिरा मेल्या आहेत, आणि स्पर्श गेला आहे.

मग त्यांनी नवी शस्त्रक्रिया बसवली. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू या रोगात बहुधा शाबूत राहतात. त्यांतली एखादी बळकट शीर, म्हणजे दोरीसारखा पांढरा कंडरा, वळवून बोटांना जोडायचा. बैलगाडीचा एक बैल बसला तर दुसऱ्या गाडीचा बैल आणून जुंपावा, तसंच हे. वाकडी बोटं सरळ होऊ लागली. पण गंमत पाहा. बरे झालेले काही रोगी परत येऊन तक्रार करू लागले. म्हणाले, “डॉक्टर, हे हात भीक मागायला वाईट आहेत. वाकड्या हातांकडे पाहून लोक पैसे टाकत, आता टाकत नाहीत. आणि काम तर आम्हांला कुणी देत नाही.” तेव्हा वेल्लोरला रोग्यांसाठी ‘नवजीवन’ नावाची झोपड्यांची लहानशी वस्ती उभी राहिली. तिथे जुना सुतार जागा झाला. डॉक्टर स्वतः पोरांना रंधा-करवत शिकवू लागले, आणि मुलं लाकडाची खेळणी करू लागली.

आता खरी कसोटी आली. नीट केलेल्या हातांवर पुन्हा जखमा दिसू लागल्या. मांस कुजत नाही म्हणता, मग हे काय? ब्रँड यांनी एकेका जखमेचा माग काढायचं ठरवलं, एखाद्या फौजदाराने चोरीचा काढावा तसा. एके दिवशी एका खोलीचं कुलूप गंजलेलं होतं, किल्ली फिरेना. डॉक्टरांनी जोर लावून पाहिला आणि हात सोडला. जवळच एक रोगी पोरगा उभा होता. तो म्हणाला, “मी पाहतो,” आणि त्याने किल्ली सहज फिरवली. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. इतक्यात जमिनीवर रक्ताचा थेंब पडला. पाहतात तो किल्लीच्या कडेने पोराचं बोट हाडापर्यंत कापलेलं! डॉक्टरांनी दुखतं म्हणून किल्ली सोडली होती. पोराला दुखत नव्हतं म्हणून त्याने सोडली नाही. सारं रहस्य इतकंच होतं.

तरी काही बोटं रात्रीतून नाहीशी होत, त्याचा उलगडा होईना. मग रात्री पहारा ठेवला. तेव्हा दिसलं की झोपलेल्या माणसाच्या बेखबर बोटाला उंदीर कुरतडतो आहे, आणि तो माणूस शांत झोपला आहे. यावर औषध काय, तर मांजर! पुढे वस्तीतून घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर मांजर पाठवायची पद्धतच पडली. पापपुण्याच्या गोष्टी बाजूला राहिल्या आणि साधं कारण हाती आलं. कुष्ठरोगाचे जंतू शिरांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, हल्ला करतात. तिथला स्पर्श जातो, दुखणं जातं. आणि दुखणं गेलं की शरीराचा रखवालदारच गेला. पुढची नासधूस रोग करत नाही. ती रोजच्या चालण्यात, रांधण्यात, कुदळ मारण्यात होते.

हात तरी माणसाला डोळ्यांसमोर दिसतो. पायाचं काय? तो दिवसभर आपलं ओझं वाहतो आणि तळवा कधी दिसत नाही. आपण लांब चालतो तेव्हा नकळत पावलाची ठेवण बदलतो. एका जागी दुखू लागलं की भार दुसरीकडे टाकतो, थोडे लंगडतो. वाडीच्या गोदामात पोती वाहणाऱ्या हमालाला हे कुणी शिकवत नाही, दुखणंच शिकवतं. ब्रँड यांनी पाहिलं की बधिर पायाचा माणूस कितीही कोस चालला तरी पाऊल एकाच ठशाने आपटतो. एकाच जागी हजारदा मार बसला की तिथलं मांस आतून फुटतं.

तेव्हा पायांसाठी काही घालायला हवं. पण काय? टणक चामड्याने घट्टे पडत, खिळ्यांनी भोकं पडत, आणि चप्पल पायातून निसटली तरी घालणाऱ्याला कळत नसे. १९५५ साली वेल्लोरजवळ करिगिरीला कुष्ठरोगावरचं संशोधन केंद्र सुरू झालं. तिथे डॉक्टर, पायताण करणारे कारागीर आणि स्वतः रोगी यांनी मिळून नाना पदार्थ वापरून पाहिले. शेवटी पसंत पडलं ते सूक्ष्म छिद्रांचं रबर, ज्याला मायक्रोसेल्युलर रबर म्हणतात. त्यात हवेचे बारीक बारीक कप्पे असतात. ते इतकं मऊ की टाचेखाली दबतं, आणि इतकं चिवट की दबून सपाट होऊन बसत नाही. भार साऱ्या तळव्यावर सारखा पसरतो. त्याखाली काटा घुसू नये म्हणून जाड टणक तळ. खिळा एकही नाही, सगळं शिवून आणि चिकटवून. टाचेमागून पट्टा, म्हणजे चप्पल निसटायला नको. ज्यांचं पाऊल फारच बिघडलं आहे त्यांच्यासाठी न वाकणाऱ्या तळाचं पायताण केलं. त्याच्या खाली पाळण्यासारखा गोलवा दिला, म्हणजे पाऊल न मुडपता पुढे झुलतं. आपल्या खडावांचीच ही सुधारलेली बहीण म्हणा ना!

ज्या जखमा झालेल्याच होत्या, त्यांवर प्लास्टर. मोडक्या हाडाला घालतात तसंच, पण जखमी पायाला. भार पसरला, जागेला विसावा मिळाला, की ज्यांना ‘न भरणाऱ्या’ म्हणत त्या जखमा भरू लागल्या. जगातल्या मोठ्या वैद्यकीय पारितोषिकांपैकी लास्कर पारितोषिक ब्रँड यांना १९६० साली मिळालं.

मात्र या चपलेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काळं रबर, रुंद पट्टे, मागे बक्कल. गावात ती चप्पल दिसली की लोक ओळखत, हा महारोगी. मग पाय वाचावेत म्हणून दिलेली चप्पल माणूस वेशीबाहेर काढून पिशवीत टाकी आणि अनवाणी गावात शिरे. पाय फुटला तरी चालेल, पण नाव फुटू नये! पुढच्या काळात चारचौघांसारख्या रंगाची, बाजारी घाटाची चप्पल त्याच रबराने करू लागले, ते यासाठीच. अंगावर घालायची वस्तू कितीही गुणाची असली, तरी ती घालायची लाज वाटली तर तिचा उपयोग शून्य.

दुखणं गेलं म्हणजे काय होतं, याचा अनुभव एकदा डॉक्टरांनाही आला. इंग्लंडात लांबचा प्रवास करून ते रात्री मुक्कामाला पोहोचले. मोजा काढताना ध्यानात आलं की टाचेला स्पर्शच कळत नाही. टाचणी टोचली, दुखलं नाही. इतकी वर्षं कुष्ठरोग्यांत वावरलेला माणूस! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पुन्हा टाचणी टोचली आणि ते ओरडले. दुखलं! प्रवासात एक शीर दबून बधिरपणा आला होता, एवढंच. दुखलं म्हणून आनंद झालेला असा माणूस विरळा.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात कार्व्हिलच्या कुष्ठ रुग्णालयात गेले. तिथे पैसा होता, यंत्रं होती, इंजिनिअर होते. तिथे पहिल्यांदा रंगाचा मोजा झाला. त्या पातळ मोज्यात रंगाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या भरलेल्या. तो घालून चाललं की जिथे दाब जास्त तिथे कुप्या फुटत आणि निळा डाग उमटे. नवा बूट कुठे लागतो, हे पाय सांगू शकत नव्हता, ते मोजा सांगू लागला.

मग ब्रँड यांनी मोठी उडी घेतली. दुखणं गेलं ना? मग आपण कृत्रिम दुखणं करू! हातमोज्यात आणि पायमोज्यात दाब मोजणारी लहान लहान यंत्रं बसवली. एकेकाची किंमत शेकडो डॉलर. दाब वाढला की कानातल्या यंत्रात आवाज होई, धोका वाढला की आवाज वाढे. यंत्र काम करी, पण माणूस ऐकेना. झाडू घट्ट धरला, आवाज झाला, तरी रोगी म्हणे, एवढं अंगण झाडून होऊ दे. आणि तो तसाच झाडत राही. म्हणून आवाजाऐवजी काखेत विजेचा चटका द्यायचं ठरलं, कारण काखेत स्पर्श शिल्लक असतो. आता तरी ऐकतील? तेही साधलं नाही. जड काम आलं की लोक आधी बटण बंद करत, काम उरकत, आणि मग बटण सुरू करत. सुमारे पाच वर्षांच्या खटपटीनंतर तो सारा उद्योग गुंडाळावा लागला.

यंत्र बिघडलं म्हणून तो फसला का? नाही. खऱ्या दुखण्याचं बटण आपल्या हाती नसतं, हे त्याचं कारण. आपला दात ठणकू लागला की ‘जरा थांब, सोयाबीन काढून होऊ दे’ असं त्याला सांगता येत नाही. देवाने किंवा निसर्गाने, काहीही म्हणा, दुखण्याला हट्टी केलं आहे, आणि त्या हट्टातच त्याचं मोल आहे. १९९३ साली ब्रँड यांनी आपल्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं, त्यात दुखण्याला त्यांनी देणगी म्हटलं. कुणालाच नको असलेली देणगी. २००३ साली ते वारले.

मग हातात उरलं काय? साधी रबरी चप्पल आणि रोज पाय पाहण्याची सवय. कार्व्हिलला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच सवय शिकवली. दुखणं सांगत नाही, तर डोळ्यांनी विचारायचं. रोज संध्याकाळी तळवा पाहायचा, लाल डाग आहे का, एक जागा दुसरीपेक्षा गरम लागते का, हे हात फिरवून पाहायचं. विजेच्या मोज्याला जे जमलं नाही, ते या सवयीने पुष्कळांच्या बाबतीत साधलं.

आता तुम्ही म्हणाल, कुष्ठरोग तर गेला, आता हे कशाला? गेलेला नाही. १९८१ साली तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली. ती सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपला वर्धा जिल्हा होता. त्या औषधांनी रोग पुरता बरा होतो. २००५ च्या अखेरीला देशातलं रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. तरी २०२२ साली देशात लाखाच्या वर नवे रुग्ण सापडले, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा रोग आजही आहे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं. ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांना त्याच रबराच्या चपलाही सरकारी योजनेतून मिळतात. तेव्हा गुरुजींनो, वर्गातल्या एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे त्याला स्पर्श कळत नसेल, तर त्याला दवाखान्यात पाठवा. शिरा मरण्याआधी औषध पोटात गेलं तर चपलेची वेळच येत नाही.

आणि दुसरी गोष्ट. आता साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह, खेड्यापाड्यांत शिरला आहे. त्यातही पायाच्या शिरा मरतात, तळवा बधिर होतो, आणि जखमेकडे दुर्लक्ष झालं की पाय कापायची वेळ येते. कार्व्हिलला कुष्ठरोग्यांच्या पायांवर जे शिकले, ते आज जगभर मधुमेहाच्या रोग्यांना उपयोगी पडतं. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवून डॉक्टर बधिरपणा तपासतात, तीही तिथल्याच कामातून रुळलेली परीक्षा. अलीकडे दाब वाढला की मनगटावरच्या घड्याळात सूचना देणारे पायताणाचे तळवे निघाले आहेत. ब्रँड यांचीच कल्पना नव्या रूपात आली आहे. पण ती सूचना ऐकून पाऊल उचलायचं की नाही, हे पुन्हा माणसाच्याच हाती राहतं.

म्हणून घरात साखरेचा आजार असलेलं कुणी असेल, आजी असो, मामा असो, तर आजपासून एक नेम करा. रात्री हातपाय धुतल्यावर त्यांचा तळवा दिव्याच्या उजेडात पाहा. त्यांना वाकता येत नसेल तर नातवाने पाहावा. चप्पल पायात घालण्याआधी उलटी करून झटकावी, आत खडा नाही ना, खिळा वर आला नाही ना. अनवाणी शेतात जाऊ देऊ नका. पाय शेकायला चुलीजवळ बसू देऊ नका. याला पैसा लागत नाही, डॉक्टर लागत नाही.

ज्याचं जळतं त्याला कळत नसेल, तर ते शेजारच्याला कळलं पाहिजे. एका सुताराने, जो पुढे डॉक्टर झाला, हे काम आयुष्यभर केलं. त्याचा थोडा वाटा आता आपण उचलू या.